शंभरच ना?

पाऊस नुकताच उघडला होता. बेळगावच्या खडेबाजारात दुकानांच्या पायऱ्यांवर छत्र्या निथळत ठेवलेल्या, आणि पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणारा एजंट रोजच्या वेळेला कापडाच्या दुकानात शिरला. दुकानदारानं बोलणं न थांबवता गल्ल्यातून शंभराची नोट काढून पुढे केली. एजंटानं डाव्या हातात नोट घेतली. उजव्या हातातल्या फोनवर अंगठा फिरला: खाते क्रमांक, रक्कम, सेव्ह, मग एक चौकट, मग परत अंगठा. कमरेचा छोटा प्रिंटर चिरचिरला आणि ऊन ऊन कागदाची पट्टी बाहेर आली. एजंट पायरी उतरायच्या बेतात असतानाच मागून आवाज आला, "अहो, एक शून्य जास्ती पडलंय की ओ!" पट्टीवर १,००० जमा. फोनच्या कीपॅडवर शून्याशेजारी दोन शून्यांचं वेगळं बटण होतं. एक आणि दोन शून्यं, झाले शंभर. अंगठा ओला होता, तो शेजारच्या एकट्या शून्यालाही लागून गेला. नोंद पुसायचा अधिकार एजंटाला नाही, ती सकाळी शाखेतच उलटवावी लागणार. तोवर दिवसाच्या भरण्यात नऊशे रुपये कमी, ते खिशातून घालायचे. कुणी चिडलं नाही, चहाही झाला. पण जाताना एजंट जे बोलला ते मनात अडकून राहिलं. ॲपनं विचारलं नव्हतं का, या प्रश्नावर तो म्हणाला, "विचारलं की. ते रोजच विचारतंय. प्रत्येकाला विचारतंय."

चौकटीत शब्द होते मोजके: आर यू शुअर? खाली ओके आणि कॅन्सल. हजार हा आकडा त्या चौकटीत कुठेच नव्हता. खातं कुणाचं, तेही नव्हतं. उलट चौकटीनं मागचा आकडाच झाकून टाकला होता. म्हणजे ज्या एका गोष्टीबद्दल खात्री हवी, ती दडवून खात्री विचारायची असा प्रकार. आणि ओके नेमकं तिथेच उगवायचं जिथे क्षणापूर्वी सेव्हचं बटण होतं. अंगठ्याला जागा सोडायचीसुद्धा गरज नाही, टकटक असं दोनदा आपटलं की काम झालं. एका फेरीत दीडशे दुकानं धरा. सेव्ह करू का आणि पावती छापू का, असे दुकानामागे दोन प्रश्न, म्हणजे दिवसाला तीनशे वेळा ओके. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर सात हजार आठशे. त्यातलं बरोबर उत्तर जवळजवळ प्रत्येक वेळी ओकेच असतं. ज्या प्रश्नाचं उत्तर सात हजार वेळा एकच येतं तो प्रश्न कोण वाचत बसेल? अंगठा आपला शिकतो, डोळ्यांना कळवायच्या भानगडीत पडत नाही. आणि त्याच ॲपमध्ये, त्याच रंगाची, तेवढ्याच आकाराची आणखी एक चौकट होती. संध्याकाळी भरणा झाल्यावर फोनमधला दिवसाचा डेटा पुसू का, असं विचारणारी. अपलोड अर्धवट असताना तिथे ओके बसलं तर दीडशे पावत्यांचा हिशोब कागदी पट्ट्यांवरून जुळवत बसायचं.

फोन यायच्या आधी ही पिग्मी कार्डावर चालायची. आडव्या रेघा, तारीख, रक्कम, शिल्लक आणि एजंटाची बारीक सही. एजंट पेन टेकवण्यापूर्वी मान वर न करता विचारायचा, "शंभरच ना?" दुकानदार "होय" म्हणायचा. दुकानदार कन्नड असेल तर तेच "नूरु, हौदल्ला?" असं व्हायचं. या दोन शब्दांत काय काय आहे ते पाहण्यासारखं आहे. आकडा आहे. 'च' आहे, म्हणजे ऐंशी नाही आणि दोनशेही नाही. 'ना' आहे, म्हणजे मला जे वाटतंय ते हे, चुकत असेल तर आत्ता सांगा. विचारणाऱ्यानं आपली समजूत उघडी करून समोर ठेवली की चूक ऐकणाऱ्याच्या कानाला टोचते. "खात्री आहे का?" यात टोचायला काहीच नाही. चेकवर आकड्यांच्या जोडीला अक्षरी रक्कम लिहायची पद्धत याच कुळातली. तीच गोष्ट दुसऱ्या रूपात परत सांगायला लावली की निसटलेलं शून्य सापडतं. यूपीआयवर पैसे धाडताना पिन टाकायच्या आधी घेणाऱ्याचं बँकेतलं नाव दिसतं, तेही हेच. आरटीजीएस आणि एनईएफटीला ही सोय बराच काळ नव्हती. रिझर्व्ह बँकेनं ३० डिसेंबर २०२४ ला परिपत्रक काढून १ एप्रिल २०२५ ही मुदत घालून दिली. नुसतं नाव दिसणं, बाकी काही नाही. पण शेजारच्या खात्यात पैसे जायचे थांबतात ते त्यानं.

मग ही कोरी चौकट येते कुठून? बहुतेक वेळा आळसातून. ब्राउझरमध्ये विंडो डॉट कन्फर्म नावाचं तयार फंक्शन असतं. एक ओळ लिहिली की चौकट हजर. ओके दाबलं तर ट्रू (हो) परत येतं, कॅन्सल दाबलं तर फॉल्स (नाही). उत्तर मिळेपर्यंत पानावरचा बाकी सगळा कोड गप्प उभा. मजकूर साधा, ठळक करता येत नाही, फार तर ओळ मोडता येते. बटणांवरचे शब्द बदलता येत नाहीत, ते ब्राउझरच्या भाषेत येतात. ऑर्डर रद्द करायच्या पानावर "ही ऑर्डर रद्द करायची आहे का?" असा प्रश्न आणि खाली ओके व कॅन्सल, हा विनोद इथूनच जन्मतो. रद्द करायला काय दाबायचं, कॅन्सल की ओके? मराठी ब्राउझरमध्ये तर प्रश्नातही रद्द आणि बटणावरही रद्द. आपल्या भागात यात आणखी एक पदर असतो. सायबर सेंटरमधल्या संगणकाचा क्रोम कन्नडमध्ये ठेवलेला असला तर मराठी प्रश्नाखाली 'सरि' आणि 'रद्दुमाडि' अशी बटणं येतात. इथल्या माणसाला ते कळतं. सरि म्हणजे ठीक, हे शाळेत जायच्या आधी कळलेलं असतं (चिकोडी-अथणीकडच्या ऊसवाल्याला आधी शेतातली सरी आठवत असेल, तो भाग वेगळा). पण पुण्यात बसून ते पान तपासणाऱ्याला ही खिचडी कधी दिसतच नाही. आणखी एक खोच अशी, की एकाच पानानं लागोपाठ चौकटी काढल्या तर ब्राउझर 'या पानाच्या पुढच्या चौकटी नकोत' असा पर्याय देतो. वैतागलेला माणूस त्यावर टिक करतो. त्यानंतर कन्फर्म काही न दाखवता थेट फॉल्स देतं. मग तक्रार येते, "डिलीटचं बटण मेलंय." बटण जिवंत असतं, प्रश्न आतल्या आत विचारला जाऊन नकारही आलेला असतो.

हे सगळं टाळायला एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेचा, डायलॉग टॅग आहे. मार्च २०२२ पासून तो सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतो. कोडमध्ये शोमोडल म्हटलं की मागचं पान निष्क्रिय होतं, एस्केपनं चौकट मिटते, आणि मिटल्यावर फोकस, म्हणजे कीबोर्डचा रोख, जिथून आला तिथे परत जातो. शब्द, रंग, बटणं सगळं आपलं. तरी एक जागा जपायला लागते. उघडताना फोकस आतल्या पहिल्या बटणावर जातो आणि ते बटण नेमकं 'हटवा' असलं तर घात होतो. पतसंस्थेच्या काउंटरवर नोंदी करणारी मुलगी माउसला हात लावत नाही. आकडा, एंटर, आकडा, एंटर, अशी तिची लय असते. तिच्या एका एंटरनं चौकट उघडते आणि पुढच्या एंटरनं ती मंजूर होते. मध्ये अर्धा सेकंदही गेलेला नसतो. चौकट आली होती हेसुद्धा तिला नंतर कुणी सांगितल्यावर कळतं. म्हणून ऑटोफोकस 'मागे'च्या बटणावर ठेवायचा, किंवा धोक्याचं बटण पहिला एक सेकंद दाबलंच जाणार नाही असं करायचं. फायरफॉक्स आपल्या सुरक्षेच्या चौकटींत हेच करतो, बटण सेकंदभर फिकं राहतं. चौकट वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी तिला अलर्टडायलॉग ही भूमिका आणि नीट वर्णन जोडायचं. बिनडोळ्यांच्या माणसाला नुसतं "ओके बटण" ऐकू आलं तर तो कशाला होकार देणार?

शब्दांचं मात्र मराठीत वेगळंच आहे.

इंग्रजीत क्रियापद पुढे येतं. 'डिलीट' म्हटलं की पुढचं वाक्य कापलं गेलं तरी धोका कळतो. आपलं क्रियापद शेवटी. "खानापूर शाखेतील कर्ज खात्यावरील चालू आर्थिक वर्षाचे सर्व हप्ते कायमचे" इथपर्यंत फोनची रुंदी संपते आणि पुढे तीन टिंबं. हप्ते कायमचे काय? जमा करायचे, गोठवायचे, की काढून टाकायचे? जो शब्द सर्वांत महत्त्वाचा तोच पडद्याबाहेर. म्हणून मराठीत क्रियापद बटणावर आणावं: 'हप्ते काढून टाका'. त्याच्याशेजारी 'रद्द करा' नको, 'राहू दे' ठेवावं. दुकानात, स्वयंपाकघरात, बसमध्ये, कुठेही बेत मोडायचा झाला की आपण "राहू दे" म्हणतो, आणि त्याचा दुसरा अर्थ लागत नाही. नकारार्थी प्रश्न तर पूर्ण वर्ज्य करावेत. "बदल जतन न करता बाहेर पडायचं नाही ना?" याला 'होय' म्हटलं तर नक्की काय होणार, हे लिहिणाऱ्यालाही थांबून बघावं लागतं. भाषांतरातून आलेल्या ॲपमध्ये अशी वाक्यं हमखास सापडतात.

आता मोठ्यांच्या गोष्टी. अमेरिकेत हवाई बेटांवर १३ जानेवारी २०१८ च्या सकाळी क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा सगळ्यांच्या फोनवर गेला. तो खोटा होता हे कळवायला ३८ मिनिटं लागली. इशारा पाठवणाऱ्याला यंत्रणेनं विचारलं होतं. पण सराव असो वा खरा इशारा, प्रश्नाचे शब्द तेच होते. त्यात बारीक मेख अशी की त्या माणसाला हल्ला खराच वाटला होता. चौकट हात घसरलेला पकडू शकते, समजूत घसरलेली नाही. चुकीच्या समजुतीनं आलेला माणूस "खात्री आहे का?" ला जास्तच जोरात हो म्हणतो. ऑगस्ट २०२० मध्ये सिटी बँकेनं रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज देताना जवळजवळ ९० कोटी डॉलर मुद्दलच धाडून दिलं. तिथे तर तीन माणसांची मंजुरी होती. पैसे बँकेबाहेर जाणार आहेत, पुढे जायचं का, अशी चौकटही आली होती. व्याज तर बाहेर जाणारच होतं! त्यामुळे इशारा वाचूनही तो बरोबरच वाटला. रक्कम त्या वाक्यात असती, तर ७८ लाख आणि ९० कोटी यांत एवढं अंतर आहे की झोपेतला माणूस उठून बसला असता. आपल्याकडच्या पतसंस्थांतही एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं पास करायची ही पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. पण महिनाअखेरीला पास करणारा साहेब चाळीस नोंदी एका दमात पुढे ढकलतो, तेव्हा दोन जोडी डोळे असूनही बघणारं कुणी नसतं.

यातला खरा प्रश्न थोडा कडू आहे. चौकट कुणाच्या सोयीची? वापरणाऱ्याची चूक टळावी म्हणून ती घातलेली असते, की नंतर "आम्ही विचारलं होतं" असं म्हणता यावं म्हणून? पुष्कळ ठिकाणी दुसरंच. ज्याला चूक निस्तरायची सोय करणं महाग वाटतं तो प्रश्न विचारून मोकळा होतो. एजंटाच्या खिशातले नऊशे रुपये त्या हिशोबात येत नाहीत.

निस्तरायची सोय तशी फार अवघड नाही. डेटाबेसच्या टेबलातली ओळ पुसण्याऐवजी 'कधी काढली' असा एक रकाना ठेवायचा, तो भरलेल्या ओळी यादीत दाखवायच्या नाहीत, तीस दिवसांनी रात्रीच्या कामात खरंच पुसायच्या. तोपर्यंत परत आणणं म्हणजे एक रकाना रिकामा करणं. बाहेर जाणारी गोष्ट असेल तर तिला थोडा वेळ अडवून ठेवायची. जीमेलचं 'अनडू सेंड' हेच करतं. २००९ मध्ये ते प्रयोग म्हणून आलं, २०१५ मध्ये सगळ्यांना मिळालं. ५, १०, २० किंवा ३० सेकंद पत्र दारात उभं असतं आणि आपल्याला वाटतं ते गेलं. विंडोजनंही २०१२ च्या आठव्या आवृत्तीपासून फाइल रिसायकल बिनमध्ये टाकताना विचारणं मुळात बंद केलं. परत काढता येते, मग विचारायचं कशाला? वेबसाठीच्या सुगम्यतेच्या (अपंगांनाही वापरता यावं यासाठीच्या) नियमांतही, २००८ पासून, पैशाच्या नि कायदेशीर व्यवहारांसाठी तीन वाटा दिल्या आहेत: उलटवता यावं, किंवा तपासून चूक दाखवावी, किंवा शेवटी पुष्टी घ्यावी. यातली एक पुरते. आपण मात्र डोळे मिटून तिसरी धरतो. परत फिरवण्याची पट्टी तीन सेकंदांत गायब केली तर मात्र तीही फसवणूकच. म्हाताऱ्या माणसाचं बोट तिथवर पोहोचायला त्याहून जास्त वेळ लागतो.

काही गोष्टी खरोखर परत येत नाहीत, तिथे अडवायलाच हवं. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर रिपॉझिटरी, म्हणजे एका प्रकल्पाचा सगळा साठा, काढून टाकायची तर तिचं नाव टाइप करावं लागतं. अंगठ्याची सवय तिथे चालत नाही. पण ही युक्ती जशीच्या तशी मराठीत आणली की वेगळाच तमाशा होतो. 'शेतकऱ्यांची' या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. युनिकोड या अक्षरांच्या संगणकी मानकातल्या नेहमीच्या सारखेपणाच्या गाळणीतून काढले तरी ते एक होत नाहीत. माणूस चष्मा पुसून पाचव्यांदा अचूक नाव लिहितो आणि पान म्हणतं, नाव जुळत नाही. शिवाय कुणी आकडे देवनागरीत लिहिणार, कुणी इंग्रजीत. त्यापेक्षा खात्याचे शेवटचे चार अंक किंवा रक्कम लिहायला सांगावी, दोन्ही लिपींतले आकडे एकच धरावेत. आणि हे वर्षातून दोनदा लागणाऱ्या कामालाच. रोजच्या कामाला लावलं तर लोक नाव कॉपी करून चिकटवायला शिकतात.

पानावरची चौकट म्हणजे कुलूप नव्हे, हेही विसरलं जातं. २००५ च्या मे महिन्यात गूगलनं वेब ॲक्सलरेटर नावाचं सॉफ्टवेअर आणलं. वाचणाऱ्याच्या आधी पानावरच्या लिंक उघडून ठेवायच्या, म्हणजे नंतर पटकन दिसतील, एवढाच हेतू. ज्या ॲपमध्ये 'डिलीट' ही साधी लिंक होती तिथे त्यानं एकेक करत माल साफ केला. जावास्क्रिप्टचा "खात्री आहे का?" त्याच्या वाटेत आलाच नाही, तो प्रश्न फक्त माणसाच्या क्लिकला होता. म्हणून पुसणं, बदलणं, पैसे हलवणं कधी गेटनं, म्हणजे नुसतं पान मागणाऱ्या साध्या लिंकच्या विनंतीनं नाही, बदल करणाऱ्या पोस्ट किंवा डिलीट विनंतीनंच. आणि अधिकार, टोकन (विनंती खरी असल्याची खूण), शिल्लक सगळं सर्व्हरवर पुन्हा तपासायचं. चौकट उघडी ठेवून माणूस चहाला गेला, तेवढ्यात दुसऱ्या काउंटरवरून शिल्लक बदलली, असंही होतं. नोंदीचा आवृत्ती क्रमांक सोबत पाठवला तर सर्व्हर म्हणू शकतो, तुम्ही पाहिलेला आकडा आता राहिला नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यात तर रेंजचाच भरवसा नाही. हो म्हटलं, चक्र फिरत राहिलं, मग काहीच नाही. माणूस परत हो म्हणतो. दोन नोंदी. फॉर्म उघडतानाच त्याला एक एकमेव क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद न करता आधीचीच पावती परत द्यावी. कारण रेंजच्या कडेवर उभ्या माणसाला खात्री हवी असते ती आधीची नाही, नंतरची. झालं का?

त्या पिग्मीच्या ॲपमध्ये गणपतीच्या आधी बदल झाला. रोजच्या नोंदीची चौकट गेली. मागच्या तीस नोंदींत जी रक्कम जास्तीत जास्त वेळा आली तीच आज आली तर ॲप काही विचारत नाही, रक्कम अक्षरी मोठ्यानं बोलतं आणि पावती छापतं. चुकलं तर पुढच्या दुकानापर्यंत, म्हणजे दोन मिनिटं, ती नोंद एजंटाला स्वतःला मागे घेता येते. पावतीवर तशी खूण येते. नवीन खात्याला रोजची रक्कम अशी नसते, तिथे पहिले काही दिवस ते विचारत राहतं. कीपॅडवरचं दोन शून्यांचं बटण उरलं, ते काढू नका म्हणून एजंटच अडून बसले. डेटा पुसायची चौकट लाल झाली, आणि शाखेच्या सर्व्हरकडून दीडशेच्या दीडशे नोंदी पोचल्याचं उत्तर येईपर्यंत तिचं बटण उमटतच नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्याच कापडाच्या दुकानात गर्दी होती. दुकानदारानं गल्ल्यातून पाचशेच्या दोन नोटा काढून दिल्या. एजंटानं आकडा टाकला आणि बऱ्याच दिवसांनी पडद्यावर चौकट आली: "रोज १००. आज १,०००?" खाली 'हजार जमा करा' आणि 'राहू दे'. त्यानं फोनवरून मान वर केली.

"हजार ओ?"

"होय की, हजारच."

प्रिंटर चिरचिरला.